चिकलठाण्याला उतरा, पण घनसावंगीच्या गाडीचा हिशेब आधी करा

विमानाचे तिकीट काढताना आपण पन्नास रुपयांचा फरकही पाहतो. चिकलठाणा विमानतळावर उतरलो की मात्र समोर येईल त्या गाडीत बसतो आणि घरी पोहोचेपर्यंत भाडे साडेचार हजारांवर गेलेले असते. बेंगळुरू, दिल्ली किंवा अगदी परदेशातून घनसावंगी तालुक्यातल्या आपल्या गावी येणाऱ्यांचे सर्वांत जास्त पैसे इथेच जातात, आणि ते वाचवताही येतात. त्यासाठी गाडीवाल्याला ‘किलोमीटरचा दर काय?’ हा प्रश्न नंतर विचारायचा. पहिला प्रश्न असा: ‘किलोमीटर कुठून कुठपर्यंत मोजणार, आणि दिवसाला कमीत कमी किती लावणार?’

भाड्याच्या गाडीचे सगळे गणित या दोन गोष्टींवर चालते. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक गाडीवाले दिवसाचे किमान ३०० किलोमीटर धरतात. गाडी शंभर किलोमीटर धावली तरी पैसे तीनशेचे. त्यात मोजणी ‘गॅरेज ते गॅरेज’ असेल, तर गाडी जिथून निघाली तिथपासून ती परत तिथे पोहोचेपर्यंतचा रस्ता आपल्या माथी. तुम्ही गावी उतरून घरात चहा पीत असता तेव्हाही मीटर परतीच्या वाटेवर चालू असतो. यात फसवणूक नाही. रिकामी गाडी परत न्यायला डिझेल लागतेच. पण हे आधी माहीत असेल तर गाडी कशी सांगायची, किती दिवस ठेवायची, कुठे सोडायची, हे सगळेच वेगळे ठरते.

आधी अंतर पाहू. विमानतळ छत्रपती संभाजीनगर शहराच्या जालन्याकडच्या बाजूला, जालना रस्त्यावरच आहे. तिथून जालना सुमारे पन्नास किलोमीटर, पुढे अंबड आणि मग घनसावंगी, असे सारे मिळून शंभर ते एकशे दहा किलोमीटर पडतात. शहरातून सोलापूर रस्त्याने पाचोडला येऊन अंबड गाठणारेही आहेत. रस्त्याच्या कामांवर अवलंबून ड्रायव्हर दोन्हींतला एक निवडतो. कोणी ‘समृद्धीवरून जाऊ, लवकर पोहोचू’ म्हणाले तर नको म्हणा. तो महामार्ग मुंबई-नागपूरच्या लांब पल्ल्यासाठी उत्तम आहे, पण एवढ्याशा टप्प्यासाठी त्यावर चढायचे, टोल भरायचा आणि जालन्याला पुन्हा उतरायचे, यात हाती काही लागत नाही. विमान शोधताना मात्र शहराचे जुने नावही टाकून पाहा, कारण अनेक ठिकाणी ते अजून ‘औरंगाबाद’ म्हणूनच दिसते. विमानतळाचे सांकेतिक नाव ‘आयएक्सयू’.

आता पैसे. दर हंगामाप्रमाणे आणि गाडीप्रमाणे हलतात, म्हणून पुढचे आकडे नमुन्याचे समजा आणि त्यात स्वतःला मिळालेला दर घालून पुन्हा मांडा. डिझायरसारख्या डिकीच्या छोट्या गाडीला १३ रुपये किलोमीटर आणि ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ४०० रुपये धरू. टोल, पार्किंग वेगळे. अर्टिगाला किलोमीटरमागे दोन-तीन रुपये जास्त, इनोव्हाला त्याहून बरेच जास्त मोजावे लागतात.

नुसते घरी सोडायचे असेल तर जाऊन-येऊन २२० किलोमीटर होतात. खरे किलोमीटर धरणारा गाडीवाला मिळाला तर २,८६० अधिक ४००, म्हणजे ३,२६० रुपये. किमान ३०० धरणारा असेल तर ३,९०० अधिक ४००, म्हणजे ४,३००. एकाच गाडीचा, एकाच रस्त्याचा, एकाच दराचा हा एक हजार चाळीस रुपयांचा फरक! म्हणून एका बाजूच्या सोडणीला किलोमीटरने बोलूच नका, ठोक बोला. ‘चिकलठाणा विमानतळ ते घनसावंगी, टोलसकट, ठोक किती?’ असे तीन ठिकाणी विचारा. साडेतीन हजारांच्या आसपास सौदा जमला तर तो रास्त आहे. त्याहून फार खाली उतरणारा गाडीवाला बहुधा वाटेत दुसरे प्रवासी भरण्याच्या किंवा खासगी, पांढऱ्या पाटीची गाडी पाठवण्याच्या बेतात असतो.

खरी चूक होते ती दुसरीकडे. शहरातली गाडी सोडणीपुरती न सांगता लोक ती ‘राहू द्या चार-पाच दिवस, फिरायला होईल’ म्हणून ठेवून घेतात. पाच दिवस ठेवली तर १,५०० किलोमीटरचे पैसे लागतात, मग गाडी तीन दिवस वाड्यासमोर उभी का असेना. १९,५०० रुपये भाड्याचे, २,००० भत्त्याचे, मिळून २१,५००. शिवाय ड्रायव्हरच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय. त्याऐवजी येताना एक सोडणी, जाताना एक सोडणी आणि मधल्या ज्या दोन दिवसांत खरोखर फिरायचे आहे त्या दोन दिवसांपुरती जालना, अंबड किंवा घनसावंगीची गाडी सांगितली तर? सोडण्या महागातल्या धरल्या तरी ८,६०० रुपये होतात, आणि स्थानिक गाडीचे दिवसाला २,५०० प्रमाणे ५,०००. एकूण १३,६००. सात हजार नऊशे रुपये वाचले. वर तालुक्यातला ड्रायव्हर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ओळखतो आणि रात्री स्वतःच्या घरी जाऊन झोपतो, ही बचत रुपयांत मांडता येत नाही.

मी स्वतः याच पद्धतीच्या बाजूने आहे: गाडी सोडणीला शहरातून घ्या, फिरायला गावातून. अपवाद एकच. सगळा मुक्कामच दोन-तीन दिवसांचा असेल आणि रोज बाहेर पडायचे असेल, तर शहरातली एकच गाडी ठेवण्यात सोय आहे आणि पैशांचा फरकही फार राहत नाही.

स्थानिक गाडीचे बोलणे कसे असते ते बाहेर राहणाऱ्यांना माहीत हवे. फोन लावला की पलीकडून विचारणा होते, ‘भाऊ, डिझेल टाकून घेता का किलोमीटरनं?’ डिझेल टाकून म्हणजे गाडीचे आणि ड्रायव्हरचे पैसे ठोक, इंधन आपले. तालुक्यातल्या तालुक्यात साठ-ऐंशी किलोमीटर फिरायचे असेल तर हाच सौदा परवडतो. पंधरा किलोमीटरला एक लिटर धरले तर ऐंशी किलोमीटरला साडेपाच लिटरही लागत नाही, म्हणजे पाचशे रुपयांच्या आत काम होते. वेरूळ-दौलताबादसारखी लांबची फेरी असेल तर मात्र किलोमीटरने घ्या, कारण तिथे ३०० चा दिवस पुरेपूर वसूल होतो. जालन्याकडे ‘८ तास, ८० किलोमीटर’ असाही बांधलेला दर असतो. त्यात पुढच्या प्रत्येक तासाला आणि किलोमीटरला वेगळे पैसे पडतात, ते आधी विचारून घ्या.

डिझेल टाकून मिळणाऱ्या अनेक गाड्या पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी असतात. इथे मला कळकळीने सांगायचे आहे. पांढरी पाटी भाड्याने चालवणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही, हा मुद्दा कोणी मनावर घेत नाही. पण विमा तरी मनावर घ्या. खासगी विम्याची गाडी भाड्याने धावत असताना अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. मग दवाखान्याचा खर्च कोणी करायचा? गाडीमालक बहुतेक वेळा ओळखीचाच, कधी भावकीतला असतो; त्याच्यावर आणि तुमच्यावर, दोघांवरही तो डोंगर कोसळतो. पाचशे रुपये जास्त गेले तरी पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांची गाडीच घ्या. लग्नसराईत ती मिळत नाही, ही अडचण खरी आहे. एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर तारखा ठरल्या त्याच दिवशी फोन करा.

स्वतः चालवायची गाडी हवी असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली घ्यायची. तीच कायदेशीर भाडोत्री गाडी. गोव्याच्या किंवा अंदमानच्या विमानतळाबाहेर गाड्यांचे दलाल जसे पुढे येतात तसे चित्र इथे नसते. गाडी आधीच ठरवून ठेवावी लागते आणि ती विमानतळावर आणून द्यायला काही जण वेगळे पैसे लावतात. दिवसाला अडीच हजार रुपये धरले तर तीन दिवसांचे ७,५००. सव्वातीनशे किलोमीटर धावायला बावीसेक लिटर पेट्रोल, १०५ रुपये लिटरने सुमारे २,३००. म्हणजे दहा हजारांच्या आत. अनामत वेगळी, आणि ती परत कधी व कशी मिळणार हे लिहून घ्यायचे. किलोमीटरची मर्यादा, इंधनाची पातळी, फास्टॅग कोणाचा, ओरखड्याचे पैसे कोण देणार, हेही. परदेशी परवाना घेऊन येणाऱ्यांनी निघण्याआधी तिकडूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढावा आणि मूळ परवानाही सोबत ठेवावा.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. पाच मिनिटे पुरतात. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून गाडीभोवती एक फेरी मारा: पुढचा बंपर, चारही दारांच्या कडा, काच, मागचे दिवे. मग मीटरचा फोटो, इंधनाच्या काट्यासकट. डिकी उघडून स्टेपनी दाबून पाहा, जॅक आणि पाना आहे का बघा. टायरच्या खाचेत बोट घालून पाहा. खाच बोटाला लागतच नसेल तर गाडी बदलून मागा. काळ्या मातीच्या आपल्या भागात एक पाऊस पडला की रस्त्याची कड लोण्यासारखी होते, आणि गुळगुळीत टायरची गाडी समोरच्याला वाट द्यायला खाली उतरली की वर येत नाही. ड्रायव्हरसह गाडी असली तरी मीटरचा फोटो घ्याच, निघताना आणि सोडताना. त्या दोन फोटोंवर सगळा वाद मिटतो.

सौदा झाला की तो व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि ‘ठीक आहे’ असे उत्तर येईपर्यंत आगाऊ पैसे पाठवू नका. मजकूर एवढाच असावा: ‘शनिवारी सकाळी ९, चिकलठाणा विमानतळ ते घनसावंगी, पिवळ्या पाटीची डिझायर, ठोक ३,५०० टोलसकट, विमानाला उशीर झाल्यास २ तास थांबायचे, त्यानंतर तासाला १००, वाटेत दुसरे प्रवासी घ्यायचे नाहीत.’ विमानाच्या उशिराचे वाक्य लोक विसरतात आणि नेमके तेच महागात पडते.

रात्रीच्या विमानाने येणाऱ्यांना एक विनवणी आहे. ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत, अंबड-घनसावंगी-तीर्थपुरी पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ असते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि मागच्या ट्रॉलीला कित्येकदा ना दिवा ना परावर्तक. त्यात एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असते. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात ती दिसत नाही, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. अशा रात्री शहरात किंवा जालन्यात एखाद्या लॉजवर झोपा. हजार-दीड हजार जातील. रात्रीचा भत्ता वाचेल, ड्रायव्हरची झोप होईल, आणि घरी आई-वडील दाराकडे डोळे लावून बसणार नाहीत. दिवसभर गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हरला ‘चल रे, दोन तासांचं तर आहे’ म्हणून रात्री पुन्हा बाहेर काढू नये.

आता फिरायचे कुठे? घनसावंगी तालुक्यात पहिला मान जांबसमर्थचा. समर्थ रामदासांचा जन्म याच गावी शके १५३० च्या, म्हणजे १६०८ च्या रामनवमीला ठोसरांच्या घरात झाला. सूर्याजीपंत आणि राणूबाईंचा हा धाकटा मुलगा नारायण. घनसावंगीपासून कुंभार पिंपळगावच्या बाजूला वीसेक किलोमीटरवर गाव आहे. राममंदिर आणि समर्थांचे जन्मस्थान ही दोन्ही ठिकाणे तासाभरात पाहून होतात, पण तासाभरात उठू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा सारा मराठवाडा हळहळला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी त्या शोधून आणल्या. गावातल्या कोणालाही विचारा, तो ते सगळे कालच घडल्यासारखे सांगेल. दर्शनाला पैसे लागत नाहीत. घनसावंगीहून जाऊन-येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर, म्हणजे डिझेल टाकून घेतलेल्या गाडीचा हा दिवस. वाटेत तीर्थपुरी किंवा गोदाकाठ जोडता येतो. रामनवमीला मात्र गाड्यांची गर्दी, दर चढे आणि गाडी गावाबाहेर लावून चालत जायची तयारी, हे धरूनच निघा.

जाता-येता वाटेवर पडते ती अंबडची मत्स्योदरी देवी. माशाच्या आकाराच्या टेकडीवर देऊळ आहे म्हणून हे नाव. विमानतळावरून येताना इथे थांबायचे असेल तर सौद्यातच ‘अंबडला एक तास थांबा’ असे लिहा, नाहीतर थांबण्याचे पैसे वेगळे मागितले जातात. अंबड हे एकेकाळी होळकरांच्या ताब्यातले गाव. अहिल्यादेवींच्या काळातली बारव इथे आहे. जुन्या दगडी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायला लहान मुलांना फार आवडते, पण कडेला कठडा असेलच असे नाही, हात धरून न्या. नवरात्रात देवीची यात्रा भरते तेव्हा गाडीवाल्याला टेकडीच्या पायथ्याशी जागा मिळत नाही.

परतीच्या दिवशी सरळ जालन्यावरून विमानतळ गाठण्याऐवजी अंबड-पाचोड-पैठण-शहर असा वळसा घ्यावा, असे मला मनापासून वाटते. रस्ता एकशे दहाऐवजी एकशे पस्तीस-चाळीस किलोमीटरचा होतो. किमान ३०० किलोमीटर धरणाऱ्या गाडीला यात जास्तीचा एक रुपयाही लागत नाही, कारण जाऊन-येऊन अडीचशेच होतात. पैठणला संत एकनाथांची समाधी आणि जायकवाडीचे धरण. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये या धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मराठवाड्याच्या पाण्याचे राजकारण, शेती आणि आशा या एका भिंतीपाशी उभ्या आहेत. परगावी वाढलेल्या आपल्या मुलांना ती दाखवायलाच हवी. पैठणी घ्यायची असेल तर माग चालू असलेल्या ठिकाणी जा आणि ड्रायव्हरने नेलेल्या पहिल्याच दुकानात खरेदी उरकू नका. तिथे त्याचे कमिशन असू शकते, आणि ते तुमच्याच किमतीतून जाते. नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणची वाट विमानाच्या दिवशी धरू नका. फाल्गुनात लाखो वारकरी येतात, रस्ते वळवलेले असतात, आणि विमान कोणासाठी थांबत नाही.

वेरूळ-अजिंठा हा वेगळाच बेत. घनसावंगीहून वेरूळ एका बाजूला दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे पूर्ण दिवस. सकाळच्या विमानाने उतरणार असाल तर त्याच दिवशी आधी वेरूळ करून मग गावी जाणे स्वस्त पडते, कारण ३०० किलोमीटरचा दिवस तुम्ही भरलेलाच आहे. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. ही उलटापालट ध्यानात न ठेवता आलेली कुटुंबे दाराशी खट्टू होऊन परततात, ते पाहवत नाही. भारतीयांना दोन्हीकडे तिकीट ४० रुपये, परदेशी नागरिकांना ६००, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या पण ओसीआय कार्ड असलेल्या आपल्या माणसांना २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार भारतीयांइतकेच तिकीट लागते. चौघांच्या कुटुंबात हा फरक दोन हजारांवर जातो, तेव्हा कार्ड पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा.

मुंबईहून येणाऱ्यांनी विमानाचा विचार करण्याआधी रेल्वे पाहावी. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत गेली. रात्रीच्या जुन्या गाड्या आहेतच. जालन्याला उतरलात तर गाडीचे पन्नास किलोमीटर इथेच वाचतात. तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांना परतूर स्टेशन जवळ पडते. एकटा माणूस आणि एक बॅग असेल तर जालना बसस्थानकावरून एसटी धरावी. आजी-आजोबा, दोन मुले, चार बॅगा आणि मामाकडची मोसंबीची गोणी असेल तर गाडीच बरी. गोणीचे आधीच सांगा, कारण सीएनजीच्या गाडीत टाकीने डिकी अर्धी खाल्लेली असते.

पैसे देताना टोलचा आकडा तोंडी घेऊ नका. फास्टॅगचा संदेश ड्रायव्हरच्या किंवा मालकाच्या मोबाइलवर येतो, तो पाहून द्या. पार्किंगची पावती मागा. भाडे मालकाच्या खात्यावर, भत्ता मात्र ड्रायव्हरच्या हातात, कारण मालकाकडे गेलेला भत्ता त्याच्यापर्यंत पूर्ण पोहोचतोच असे नाही. दुपारचे जेवण तुमच्याबरोबर झाले असले तरी भत्ता कापू नका. सोडणीच्या गाडीला आगाऊ पाचशे रुपये पुरेत, बाकीचे सामान उतरवल्यावर. आणि परतीची गाडी गावी पोहोचल्याच्या दिवशीच पक्की करा. आदल्या रात्री सांगितलेल्या गाडीला घनसावंगीत सकाळी सहाला मागतील तो दर द्यावा लागतो.